अण्णांचा फ्लॅश आणि मागे उभी असलेली माणसं

गेल्या दिवाळीत पुण्याहून आतेबहिणीचा फोन आला. "दादा, आज्जीचा एखादा फोटो असेल तर पाठव ना. लेकीला शाळेत वंशवृक्ष काढून न्यायचाय. बाकी सगळ्यांचे मिळाले, आज्जीचाच नाही."

मी म्हणालो, पाठवतो की! आमचे अण्णा फोटोग्राफर. भालकीत तीस वर्षं त्यांचा स्टुडिओ होता. त्यांच्या आईचा फोटो नाही असं कसं होईल? मग ट्रंक उघडली आणि तीन दिवस निगेटिव्ह बघत बसलो. १९८३ सालच्या आत्याच्या लग्नाचे छत्तीस फोटो सापडले. त्यात सगळं गाव आहे, वाजंत्री आहेत, पंगतीत घुसलेलं कुत्रंसुद्धा आहे. आज्जी नाही. ती त्या लग्नात होती, मी स्वतः तिच्या पदराला धरून उभा होतो. म्हणजे मीही नाही!

ती का दिसत नाही हे मला कळतं, कारण पुढं मी तोच धंदा केला. पण ते सांगायचं तर आधी फ्लॅशची गोष्ट सांगावी लागेल.

आपल्या भागातल्या जुन्या घरांत बघा. १९५०-६० च्या आधीचे लग्नाचे फोटो जवळजवळ सगळे दिवसा काढलेले आहेत. लग्न लागायचं गोरज मुहूर्तावर आणि फोटो दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात. मागे चादर बांधलेली, पुढं दोन खुर्च्या, नवरा-नवरी उन्हानं डोळे बारीक करून बसलेली. त्याचं कारण साधं होतं, रात्रीचा उजेडच नव्हता. अंतरपाट, अक्षता, सप्तपदी यातलं काहीही फोटोत यायचं नाही. जे घडलं ते अंधारात, आणि फोटोत फक्त दुसऱ्या दिवशीची जांभई.

उजेड पाडायची खटपट जगात तेव्हाही चालली होतीच. जर्मनीत १८८७ साली मिथे आणि गेडिके या दोघांनी मॅग्नेशियमच्या पुडीची फ्लॅश पावडर तयार केली. ती पेटवली की भपकन उजेड व्हायचा, त्याबरोबर धूर, आणि कधी कधी फोटोग्राफरच्या भुवया जायच्या. आपला भाग तेव्हा निजामाच्या राज्यात. सहाव्या निजामाचे फोटोग्राफर लाला दीनदयाळ यांनी १८९२ साली हैदराबादेत खास पडदानशीन बायकांसाठी जनाना स्टुडिओ काढला होता. कामाला बाईमाणूसच नेमलं होतं, एक इंग्रज बाई. म्हणजे बायकांचा फोटो काढायचा तर वेगळी सोय लागते हे त्या काळी हैदराबादेत कुणाच्या तरी ध्यानात आलं होतं. ती सोय नवाबांच्या घरापुरती. भालकी-हुमनाबादच्या बायकांसाठी कुठला आलाय जनाना स्टुडिओ!

पुढं १९३० च्या आसपास फ्लॅश बल्ब आले. एक बल्ब, एक फोटो, मग तो जळालेला काचेचा गोळा फेकून द्यायचा. लग्नात वीस फोटो म्हणजे वीस बल्ब, त्यामुळं ते काम फक्त बड्या घरचं. त्याच सुमारास अमेरिकेत एमआयटीमध्ये हॅरॉल्ड एजर्टन यांनी इलेक्ट्रॉनिक फ्लॅशवर काम सुरू केलं. काचेच्या नळीत झेनॉनसारखा वायू, कपॅसिटरमध्ये साठवलेली वीज, आणि एका क्षणात ती सगळी त्या नळीतून सोडायची. पुन्हा भरायची, पुन्हा सोडायची. फेकायचं काही नाही. हा फ्लॅश पेन्सिल सेलवर चालण्याइतका लहान आणि भालकीतल्या माणसाला परवडण्याइतका स्वस्त व्हायला पुढची चाळीस वर्षं गेली.

मधल्या काळात इकडं निजामाचं राज्य गेलं, १९४८ साली. १ नोव्हेंबर १९५६ ला बीदर जिल्ह्याचे तुकडे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले; भालकी, हुमनाबाद, औराद, बसवकल्याण म्हैसूर राज्यात आले. सरकारची सीमा आली म्हणून सोयरीक थोडीच थांबते? लेकी उदगीरला दिल्या आणि सुना निलंग्याहून आणल्या. अण्णा दोन्हीकडच्या लग्नांना जायचे. फोटो काढताना तीन भाषांत ओरडायचे: "इकडं बघा!", "इल्ली नोड्री!", आणि मुसलमान मित्रांच्या घरी, "हिलो नक्को!"

अण्णांनी स्टुडिओ उघडला तो १९७४ साली. पहिला चांगला कॅमेरा याशिका मॅट १२४ जी, तो वरून खाली बघायचा डबा. १२० चा रोल, बारा फोटो. त्याच्या बाजूला पट्टीवर बसवलेला एक जपानी फ्लॅश, कॅमेऱ्याच्या कंपनीचा नव्हे, दुसऱ्याच कुणाचा. तेव्हा त्यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही. फ्लॅश आणि कॅमेरा यांच्यात एका वायरीचा संबंध. शटर उघडलं की कॅमेऱ्यातले दोन संपर्कबिंदू जुळायचे आणि फ्लॅश उडायचा. "आता उड" एवढंच कॅमेरा सांगायचा. किती उजेड, किती लांब, माणूस गोरा की सावळा, यातलं काहीच तो सांगत नव्हता. ते फोटोग्राफरनं ठरवायचं.

कसं ठरवायचं? तर पावलं मोजून.

फ्लॅशच्या पाठीवर अण्णांनी डॉक्टरांकडची चिकटपट्टी लावून त्यावर शाईनं लिहिलं होतं:

३ पावलं – ११
४ पावलं – ८
८ पावलं – ४

त्यांचं एक पाऊल अडीच फुटांचं. फ्लॅशचा गाइड नंबर फुटांत ८०, शंभर एएसएच्या फिल्मला. गाइड नंबर म्हणजे अंतर गुणिले अपर्चर. दहा फुटांवर माणूस असेल तर ८० भागिले १०, अपर्चर ८. वीस फुटांवर असेल तर ४. बस्स, सगळी विद्या एवढीच. जवळून चेहरा घ्यायचा असला की फ्लॅशवर पांढरा रुमाल टाकायचा, एका घडीनं उजेड साधारण निम्मा होतो. त्या फ्लॅशला पूर्ण उडणं किंवा न उडणं इतकंच माहीत. अर्धा, पाव असलं काही बटण नव्हतं. एकदा उडाला की पुन्हा भरायला दहा सेकंद, सेल जुने झाले की वीस. तोवर आतून एक बारीक शिट्टी चालू, आणि ती वरच्या पट्टीत जाऊन थांबली, लाल दिवा लागला, की तयार. मंगलाष्टकाच्या शेवटच्या "सावधान"ला शिट्टी थांबलेली पाहिजे, हे त्या कामातलं सगळ्यात अवघड गणित. अण्णा भटजींना आधीच सांगून ठेवायचे, शेवटचं कडवं जरा लांबवा म्हणून.

मला सहाव्या वर्षापासून ते बरोबर न्यायचे. माझं काम अंतर सांगायचं. "बाळ, किती?" मी पावलं टाकून यायचो, माझी पावलं लहान, म्हणून मी सहा सांगायचो आणि ते मनात चार करायचे. चुकलो की डोळे वटारून, "काय करलालास रे?"

१९८१ साली त्यांनी जुना पेंटॅक्स के १००० घेतला. छत्तीस फोटोंचा रोल, हलका, डोळ्याला लावायचा. आणि पहिल्याच लग्नात घात झाला. याशिकाचं शटर भिंगातच होतं, पाकळ्यांचं. ते कुठल्याही वेगाला पूर्ण उघडायचं, म्हणून फ्लॅशबरोबर १२५ चा वेग चालायचा. अण्णांचा हात १२५ ला बसलेला. नव्या कॅमेऱ्यात शटर म्हणजे फिल्मपुढून सरकणारे दोन कापडी पडदे. १/६० सेकंदापर्यंत एक क्षण असा असतो की पहिला पडदा पूर्ण गेलाय आणि दुसरा अजून निघाला नाही. त्या क्षणी फ्लॅश उडाला तर सगळी चौकट उजळते. त्याच्यापेक्षा वेग वाढवला की दुसरा पडदा आधीच निघतो, आणि फ्लॅश उडतो तेव्हा अर्ध्या फिल्मवर कापड असतं. म्हणून तर डायलवर ६० च्या आकड्याला वेगळी खूण असते.

अण्णांनी सवयीनं १२५ लावला. आख्खं लग्न. रोल धुतला तेव्हा प्रत्येक फोटोत निम्मा भाग उजळ आणि निम्मा काळा कुळकुळीत. बहुतेक फोटोंत नवरा उजेडात आणि नवरी पडद्याआड. अण्णा दुसऱ्या दिवशी बसनं त्या गावी गेले, आगाऊ घेतलेले पैसे परत दिले, पाया पडले. ती मंडळी मोठ्या मनाची, जेवूनच सोडलं. मात्र पुढची कितीतरी वर्षं त्या घरी पाहुणे आले की अल्बम निघायचा आणि नवरीची सासू म्हणायची, "आमची सून लाजाळू, फोटोत येतच नाही." ही चूक अण्णांनी कधी लपवली नाही. मला शिकवताना सुरुवातच त्यानं करायचे.

आता आत्याच्या लग्नाकडं येतो.

आमच्या वाड्याच्या चौकात मांडव. मध्ये बोहलं. अण्णा बोहल्यापासून चार पावलांवर, अपर्चर ८, वेग ६०, सगळं नेमकं. आज्जी मात्र मांडवात नव्हती. आजोबा जाऊन सात वर्षं झाली होती, आणि विधवा बाईनं लेकीच्या लग्नातही अक्षता टाकायला पुढं यायचं नाही ही तेव्हाची रीत. ती ढाळजेच्या खांबाला धरून उभी होती, बोहल्याच्या मागं अठरा फुटांवर. म्हणजे कॅमेऱ्यापासून अठ्ठावीस फूट.

फ्लॅशचा उजेड अंतर दुप्पट झालं की निम्मा होत नाही, पाव होतो. दहा फुटांवर जेवढा उजेड, त्याचा वीस फुटांवर पाव हिस्सा आणि अठ्ठावीस फुटांवर आठवा हिस्सा. कागदावर प्रिंट काढली की आठवा हिस्सा म्हणजे काळाच. लग्नाच्या जुन्या काळ्यापांढऱ्या फोटोंत पुढची माणसं चुन्यासारखी पांढरी आणि मागं नुसता अंधार दिसतो, तो रात्रीचा अंधार नव्हे. तिथं माणसं होती. कडेला उभे असलेले, उशिरा आलेले, आणि रीतीनं मागं उभे केलेले, हे सगळे त्या काळ्या भागात आहेत. आमच्या वाड्याच्या मांडवात त्या रात्री कुणी कुठं उभं राहायचं हे जातीनं, वयानं आणि कुंकवानं ठरलेलं होतं, आणि फ्लॅशनं ती रांग जशीच्या तशी पक्की केली. त्याला कुणी तसं सांगितलं नव्हतं.

आणि एका फ्लॅशनं हे दुरुस्तही होत नाही. मागची आज्जी दिसावी म्हणून अपर्चर २.८ ला उघडलं असतं तर आत्या आणि आतोबा पांढरेफटक जळून गेले असते.

आज्जी पुढच्याच पावसाळ्यात गेली. तेराव्याला फोटो लावायचा म्हणून शोधाशोध झाली तेव्हा अण्णांच्या ध्यानात आलं. स्टुडिओत खुर्चीवर बसायला ती कधी तयारच व्हायची नाही. "माझा कशाला? सवाष्णींचे काढ." अण्णांनीही दर वेळी "बरं, पुढच्या वेळी" म्हणून सोडून दिलं होतं. आमच्या भिंतीवर आजोबांचा फोटो आहे, शेजारी खिळा आहे. तो खिळा अण्णांनी काढू दिला नाही.

त्यानंतर त्यांनी एक गोष्ट सुरू केली. प्रत्येक लग्नात, अक्षता पडून गेल्या आणि सगळे जेवणाच्या गडबडीत लागले, की ते बोहल्याकडं पाठ करायचे आणि मागं चालत जायचे. जिथं आज्या, विधवा आत्या-मावश्या, भांडी घासायला आलेल्या बायका, डफडं वाजवून दमलेले लोक बसलेले असतील तिथं. त्यांच्यापासून चार पावलांवर थांबायचे. अपर्चर ८, वेग ६०. कॅमेऱ्यात काही बदलायचं नाहीच, आपणच चार पावलांवर जायचं. एक फोटो, जास्तीत जास्त दोन. त्याचे पैसे लावायचे नाहीत. प्रिंट अल्बमच्या शेवटच्या पानावर चिकटवायची. पुष्कळ बायका पदर तोंडावर घ्यायच्या. अण्णा जबरदस्ती करायचे नाहीत, तसाच काढायचे. काही यजमानांना ते आवडायचं नाही. एकानं तर, शुभकार्याच्या अल्बममध्ये हे कशाला, म्हणून ते पान फाडून परत पाठवलं. अण्णांनी ते ठेवून घेतलं. माझ्याकडं आहे.

बाकी धंद्यातल्या क्लृप्त्याही ते शिकत गेले. इतर शहरांतले फोटोग्राफर फ्लॅश छताकडं वळवून उजेड खाली मऊ पाडायचे. आमच्याकडं छत कुठलं? वाड्यात माळवद, धुरानं काळ्या झालेल्या तुळया, तो उजेड गिळून बसायचा. मांडवावर लाल-निळी कनात, तिच्यावर मारला तर रंगीत फिल्मवर भटजी गुलाबी. चुन्यानं सारवलेली पांढरी भिंत मिळाली तर ती मात्र सोन्यासारखी. लग्नघरात गेलं की अण्णा आधी पांढरी भिंत कुठं आहे ते बघायचे, मग चहा घ्यायचे.

वरातीत त्यांनी एक शोध लावला, म्हणजे तो जगात आधीच लागलेला होता, पण त्यांचा त्यांनी लावला. फ्लॅशचा उजेड क्षणार्धाचा असतो. शटर १/६० ठेवा की १/८, फ्लॅशनं उजळलेल्या माणसावर काही फरक पडत नाही, त्याला फक्त अपर्चर आणि अंतर कळतं. पण गॅसबत्त्यांचा उजेड सतत चालू असतो, तो शटर जितकं उघडं तितका फिल्मवर साचत जातो. म्हणून शटर १/८ वर आणलं की घोड्यावरचा नवरदेव फ्लॅशनं स्पष्ट, आणि मागच्या बायकांच्या डोक्यावरच्या गॅसबत्त्या, त्यांचा उजेड पडलेले चेहरे, हेही उमटायचं. थोडं हललेलं, पण उमटायचं. डोक्यावर बत्ती घेऊन चालणाऱ्या त्या बायका आधीच्या फोटोंत नुसत्या काळ्या होत्या. नव्वदच्या सुमारास व्हिडिओवाले हॅलोजन घेऊन आले आणि मग मागचा मांडव आपोआपच उजळायला लागला, हळदीसारखा पिवळा.

तोवर बाहेर फ्लॅश हुशार झाले होते. सत्तरच्या दशकातच व्हिव्हिटार २८३ सारखे फ्लॅश आले होते. कॅमेरा कुठलाही असो, हा फ्लॅश स्वतःच्या कपाळावरच्या डोळ्यानं परत आलेला उजेड मोजायचा आणि पुरेसा झाला की स्वतःच बंद व्हायचा. ऑलिंपसनं १९७५ साली ओएम-२ मध्ये पुढचं पाऊल टाकलं: भिंगातून आत येऊन फिल्मवरून परतणारा उजेड कॅमेराच मोजणार आणि फ्लॅशला थांबवणार. यालाच पुढं टीटीएल म्हणू लागले. मात्र त्यासाठी फ्लॅश त्याच कंपनीचा हवा, किंवा तिची भाषा बोलणारा तरी. अण्णांनी एका मित्राचा असला फ्लॅश आठवडाभर वापरला आणि परत दिला. त्यांचं म्हणणं, नवरदेवाचं पांढरं धोतर पुढं आलं की हा घाबरून उजेड कमी करतो आणि चेहरा काळा पडतो. काळा कोट आला की चेहरा जाळतो. "मी चार पावलांवरच आहे, धोतर घातलं काय नि कोट घातला काय, अंतर तेवढंच ना?" यात थोडा हट्ट होता. धावपळीच्या कामात टीटीएल फार उपयोगी, हे मी स्वतः मान्य करतो. पण बोहल्यासारख्या ठरलेल्या जागी, ठरलेल्या अंतरावर, अण्णांचंच बरोबर होतं. छत्तीसच्या छत्तीस फोटो सारख्या उजेडाचे यायचे.

मी डिजिटल कॅमेरा घेतला २००७ साली. उत्साहाच्या भरात अण्णांचा जुना फ्लॅश त्याच्या डोक्यावरच्या खाचेत सरकवला, हॉट शू म्हणतात त्यात. फ्लॅश उडाला आणि कॅमेरा गेला. कायमचा. हैदराबादला कोठी भागातल्या दुरुस्तीवाल्यानं मल्टिमीटर लावून दाखवलं, फ्लॅशच्या खालच्या टोकावर दोनशेच्या वर व्होल्ट. जुन्या कॅमेऱ्यात तिथं नुसते धातूचे दोन तुकडे जुळायचे, त्यांना फिकीर नव्हती. नव्यात तिथं नाजूक सर्किट. कुणाच्या घरी असा जुना फ्लॅश असेल आणि पोरं तो नव्या कॅमेऱ्यावर लावायला निघाली असतील, तर आधी व्होल्टेज मोजून घ्या. मी पन्नास फोटोंच्या आत एका कर्जाचा कॅमेरा घालवला.

नंतर बाजारात चिनी फ्लॅश आले, योंगनुओ वायएन ५६०, आणि पुढं गोडॉक्सचा टीटी ६००. खाली एकच टोक, कॅमेऱ्याशी तेवढंच बोलणं, "आता उड". कॅमेऱ्याच्या कंपनीच्या मोठ्या फ्लॅशच्या पाव किमतीतसुद्धा बसायचे. अमेरिकेत बाल्टिमोरच्या वर्तमानपत्रातले फोटोग्राफर डेव्हिड हॉबी यांनी २००६ पासून असे साधे फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढून, बाजूला ठेवून, हातानं ताकद ठरवून वापरायला जगभरच्या पोरांना शिकवलं, त्यामुळं मागणी वाढली. मी पहिला वायएन ५६० आणला आणि अण्णांच्या हातात दिला. त्यांनी उलटून मागची बटणं बघितली. पूर्ण, अर्धा, पाव, अष्टमांश, असं करत १/१२८ पर्यंत. म्हणाले, "म्हणजे रुमालाच्या घड्या आहेत." 

बरोबर तेच आहे. नव्यानं शिकणाऱ्या पोरांना मी हेच सांगतो. कॅमेराही एम वर ठेवा, कारण वर फ्लॅश बसलाय हे त्याला नीटसं ठाऊकच नसतं. शटर कॅमेऱ्याच्या सिंक वेगाच्या वर नेऊ नका, नाहीतर लाजाळू सून. अपर्चर ५.६ ठेवा, फ्लॅश पाव ताकदीवर, एक फोटो काढून बघा. चेहरा जळाला तर एक घडी वाढवा, काळा आला तर एक कमी करा. पाव ताकदीवर तो लगेच भरतो, "सावधान"ला शिट्टीची वाट बघावी लागत नाही. मागची भिंत काळी येत असेल तर फ्लॅशला हात लावू नका, शटर सावकाश करा किंवा आयएसओ वाढवून फ्लॅशची ताकद तेवढीच उतरवा. गाइड नंबरचं मात्र सांभाळून. खोक्यावर ५८ किंवा ६० छापतात तो फ्लॅशचं डोकं पूर्ण झूम केल्यावरचा आकडा. मांडवाला पसरट उजेड लागतो, तिथं तो बराच खाली येतो.

ही विद्या लग्नापुरतीच नाही. काही वर्षांपूर्वी बीदरच्या एका बिदरी कारागिरानं मालाचे फोटो काढून मागितले. बिदरी म्हणजे जस्त-तांब्याचा मिश्रधातू, त्यात चांदीची तार ठोकलेली, आणि किल्ल्यातल्या मातीत नवसागर घालून काळा केलेला. म्हणजे एकाच सुरईवर कोळसा आणि आरसा शेजारी शेजारी! कॅमेऱ्यावरून फ्लॅश मारला की काळा भाग राखाडी होतो आणि चांदीवर पांढरा डाग येतो, वेलबुट्टी गायब. टीटीएल तर अशा वस्तूपुढं हातच टेकतो. मी फ्लॅश डाव्या बाजूला दोन फुटांवर ठेवला, मध्ये आईच्या मलमलीच्या लुगड्याचा तुकडा ताणून धरला, ताकद १/१६. चांदीत त्या पांढऱ्या कापडाचं प्रतिबिंब आलं आणि तारेचा प्रत्येक वळसा दिसला. काळा काळाच राहिला. कारागीर म्हणाला, "साहेब, हे तर हातात घेतल्यासारखं दिसतंय." तेव्हा अण्णा नव्हते.

तर आज्जीचा फोटो.

छापलेल्या फोटोंत ती नाही हे खरं, पण निगेटिव्ह कागदापेक्षा जास्त धरून ठेवते. आज्जी फिकट रंगाचं लुगडं नेसायची. आठव्या हिश्श्याच्या उजेडातही फिकट कापड काहीतरी परत पाठवतंच. मी ते छत्तीसही फोटो स्कॅन करून, पुढची माणसं जळू देत म्हणत, मागचा अंधार उघडत गेलो. तेविसाव्या फोटोत, आत्याच्या खांद्याच्या वर, खांब दिसला. खांबाच्या शेजारी लुगड्याचा उभा पट्टा. खांबाला धरलेला हात, मनगटापर्यंत मोकळा. चेहऱ्याची एक कड, गालापासून हनुवटीपर्यंत. डोळे नाहीत. आणि खाली कमरेपाशी एक गोल डोकं, ते माझं असावं.

तेवढाच पाठवला. आतेबहिणीचं उत्तर संध्याकाळी आलं: "आईला दाखवला. आई म्हणाली, हात तिचाच आहे, करंगळी वाकडी आहे बघ." मी पुन्हा मोठा करून बघितला. आहे वाकडी. मला ते कधी माहीतच नव्हतं.

मंडळी, एक विनंती आहे. १९८४ ते २००३ या काळात भालकी, हुमनाबाद, बसवकल्याण, औराद, आळंद किंवा पलीकडं उदगीर-निलंग्याकडं तुमच्या घरी लग्न झालं असेल आणि अल्बमच्या शेवटच्या पानावर बोहल्यापासून लांब बसलेल्या माणसांचा एखादा फोटो असेल, तर तो मला पाठवा, आणि त्यातल्या आज्यांची नावं तुम्हाला आठवत असतील तर तीही लिहा. अण्णांच्या वहीत त्यांची नावं नाहीत. फोटोचा फोटो काढताना मोबाईलचा फ्लॅश बंद ठेवा. अल्बमच्या प्लास्टिकवर तो पांढरा डाग पाडतो आणि नेमका चेहऱ्यावर. खिडकीजवळ, दिवसा, अल्बम जरा तिरका धरून काढा.